वाचक विचारतात : हंगामी नोकरीचा रोखठोक हिशेब

दसऱ्याच्या आधीपासून द्राक्षाचा हंगाम संपेपर्यंत आमच्याकडे एकाच प्रकारची पत्रे जास्त येतात: 'तीन-चार महिन्यांचे काम मिळते आहे, जन्मभर करायचे नाही, तोवर धरू का?' या वेळी त्यांतली सात पत्रे निवडली. उत्तरे पगारपत्रके करणाऱ्या, पॅकहाउस चालवणाऱ्या आणि कामगार कायद्यात रोज वावरणाऱ्या जाणकारांनी मिळून दिली आहेत.

भिवंडीतल्या गोदामात सीझनपुरता पिकर (ऑर्डरचा माल शोधून काढणारा) म्हणून लागलो. जाहिरातीत १८ हजार होते, खात्यात १४ हजार १२० जमा झाले. ठेकेदाराने पैसे खाल्ले का?
— वाचक, कल्याण

तुमचे आकडे पाहता बहुधा खाल्लेले नाहीत. पण जाहिरात सरळ नव्हती. १८ हजार हा तुमचा पगार नव्हे, तुमच्यावर होणारा मालकाचा एकूण खर्च आहे. असे समजा की एकूण पगार १६,००० आणि त्यात बेसिक अधिक महागाई भत्ता १३,०००. यावर मालक पीएफ आणि त्याच्या प्रशासनापोटी १३ टक्के, म्हणजे १,६९० भरतो. ईएसआयचे (कामगार विम्याचे) ३.२५ टक्के, म्हणजे ५२० वेगळे. बेरीज १८,२१०. झाला जाहिरातीतला आकडा. आता तुमच्या बाजूने पीएफ १२ टक्के म्हणजे १,५६०, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १२० आणि व्यवसाय कर २००. सोळा हजारांतून १,८८० वजा केले की १४,१२० उरतात. (व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० कापतात. महिलांना महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. एखाद्या मुलीच्या स्लिपवर तो दिसला, तर लगेच विचारायचे.)

म्हणून मुलाखतीत 'पगार किती' एवढे विचारून भागत नाही. 'कटून हातात किती, किती दिवसांच्या हजेरीवर, आणि त्यात हजेरी बोनस धरला आहे का' असे विचारा. हजेरी बोनस ही खरी मेख आहे. एक खाडा झाला की तो अख्खा जातो, आणि दिवाळीच्या आठवड्यात खाडा होतोच.

कापलेले पैसे नुसते कापून चालत नाही, ते जमा व्हायला हवेत. पीएफचे पासबुक यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) टाकून दर महिन्याला पाहा. पहिल्यांदाच नोकरी असेल तर नवा यूएएन निघेल. आधीचा असेल तर तो स्वतःहून द्या, नाहीतर दुसरा निघतो आणि दोन खाती एकत्र करताना नाकी नऊ येतात. आधारवरचे नाव आणि जन्मतारीख पीएफच्या नोंदीशी अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे. सीझनच्या भरतीत शंभर-दोनशे जणांचे अर्ज एकाच दिवशी भरले जातात आणि चुका तिथेच होतात. काम सुटल्यावर ठेकेदार 'सोडल्याची तारीख' भरायला विसरतो, मग पैसे काढता येत नाहीत आणि दुसरीकडे वळवतानाही अडकतात. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की ती तारीख सभासदाला स्वतः ऑनलाइन भरता येते. तेवढ्यासाठी एजंटला पाचशे रुपये देऊ नका.

ईएसआयबद्दल एक गोष्ट हंगामी कामगारांना कोणी सांगत नाही. आजारपणाच्या रजेचा ७० टक्के पगार मिळवायचा तर एका वर्गणी-काळात साधारणपणे ७८ दिवसांची वर्गणी लागते. हे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे पाडलेले आहेत. ऑगस्टअखेर लागून नोव्हेंबरमध्ये सुटणाऱ्याचे दिवस दोन्हीकडे विभागले जातात आणि ७८ कुठेच भरत नाहीत. मात्र कामावर इजा झाली तर ही अट नाही. पहिल्या दिवशी पाय मोडला तरी तात्पुरत्या अपंगत्वाचा सुमारे ९० टक्के पगार मिळू शकतो. म्हणूनच सुपरवायझर 'बाहेरच्या डॉक्टरकडे जा, बिल आम्ही देऊ' म्हणाला तरी त्याच दिवशी अपघाताची लेखी नोंद करून घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा.

ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो. १६,००० ला २६ दिवसांनी आणि ८ तासांनी भागले की तासाला ७७ रुपये होतात, म्हणजे जादा तासाला साधारण १५४ मिळायला हवेत. 'सिंगल रेटने ओटी' हा प्रकार सर्रास चालतो. चालतो म्हणून तो कायदेशीर होत नाही.

शेवटच्या दिवशी ओळखपत्र, स्कॅनर, जॅकेट परत केल्याची सही घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. शेवटचा पगार बहुतेक वेळा याच कारणावरून अडवतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत काम सुटल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता करायची तरतूद आहे. ठेकेदाराला त्या कलमाची आठवण व्हॉट्सअॅपवर नव्हे, ईमेलवर द्या.

आम्ही दोघी बहिणी कॉलेजात आहोत. जानेवारीपासून द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये बोलावले आहे. रोजावर जावे की पेटीवर? काम नेमके काय असते?
— वाचक, निफाड तालुका

आधी काम. बागेतून सकाळी ऊन चढायच्या आत काढलेला माल क्रेटमधून येतो. वजन होते आणि क्रेट टेबलावर येतात. तुमच्या हातात बोथट टोकाची छोटी कात्री देतील. घड फक्त देठाला धरायचा. मण्यावर पांढुरका नैसर्गिक मेणाचा थर असतो, बोटे लागली की तो पुसला जातो आणि माल हाताळलेला दिसतो. परदेशी खरेदीदार एवढ्यावर नाक मुरडतो. घडातून बारीक, तडकलेले, उन्हाने भाजलेले, मऊ पडलेले आणि गुलाबी झाक आलेले मणी काढायचे. नवख्या मुलींची ठरलेली चूक म्हणजे मणी ओढून काढणे. ओढला की देठाबरोबर गराचा तुकडा निघतो, शेजारच्या मण्यांवर रस सांडतो आणि तीन आठवड्यांच्या जहाजप्रवासात तिथूनच बुरशी धरते. मणी त्याच्या बारीक दांडीवर कापायचा.

मग प्रतवारी. मण्याचा व्यास १६ की १८ मिलिमीटर, हे कड्यांच्या मापाने पाहतात. पनेटमध्ये (छोट्या प्लास्टिकच्या डब्यात) ५०० ग्रॅम भरायचे असतात, पण थोडे वजन वर ठेवतात, कारण वाटेत ओलावा उडतो. अशा १० पनेटची ५ किलोची पेटी होते. पाउचचा माल बहुधा साडेचार किलोच्या पेटीत जातो. वर ग्रेप गार्डचा कागद येतो. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असते. ओलाव्याने त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि बुरशी रोखतो. हात ओले असतील किंवा घडावर दव असेल, तर वायू एकदम सुटतो, मण्यांवर पांढरे डाग पडतात आणि कागद लावणारीचे डोळे आणि घसाही चुरचुरतो. दोघींपैकी एकीलाही दमा असेल तर कागदाच्या टेबलावर बसणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगा. यात लाजण्यासारखे काही नाही.

भरलेली पेटी प्रीकूलिंगमध्ये जाते. काही तासांत माल ४ अंशांच्या खाली आणतात आणि पुढे ० अंशाच्या आसपास साठवतात. कोल्ड स्टोअरच्या आतल्या कामाला पैसे थोडे जास्त असतात, पण घामाघूम होऊन आत-बाहेर करणे अंगावर येते. थर्मल जॅकेट, हातमोजे आणि बंद बूट पॅकहाउसने द्यायचे असतात. ते 'उद्या येतील' म्हणत असतील तर तुम्हीही उद्याच आत जा.

आता रोज की पेटी. हात बसलेल्या बाईला पेटीवर परवडते, नवशिकीला पहिले दोन-तीन आठवडे रोजच बरा. पेटीचा दर घेण्याआधी हे विचारा: तपासणीत परत आलेली पेटी पुन्हा भरायचे पैसे कोणाचे? बागेतून क्रेटच आले नाहीत तर बसलेल्या वेळेचे काय? फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळीची एक सर येते आणि दोन दिवस टेबले रिकामी राहतात, पेटीवरच्या बाईला त्या दिवसांचे काहीच मिळत नाही. मोजणी कोण करते आणि तुमच्या वहीत सही कोण देते? उशीर झाला तर घरी सोडायची गाडी आहे का, की 'बघू' आहे?

बांगड्या, अंगठी, नेलपॉलिश चालत नाही, नखे कापलेली लागतात आणि डोक्याला जाळी. बोट कापले तर लपवू नका. निळी पट्टी लावून दुसरे काम देतात, कारण निळा रंग द्राक्षांत चटकन दिसतो. दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभे राहायचे असते. जाड तळव्याचे बूट पहिल्या आठवड्याच्या कमाईतून घ्यावेत, चपलेवर हंगाम निघत नाही.

घरबसल्या टायपिंगचे काम घेतले. पाच दिवसांत ५०० पाने दिली. आता 'अचूकता ९८ टक्क्यांपेक्षा कमी, करारभंगाचे ६,८०० भरा, नाहीतर कोर्टात खेचू' म्हणून वकिलाची नोटीस आली आहे.
— गृहिणी, नांदेड

एक रुपयाही भरू नका. तुमचे काम तपासलेलेच नाही. मजकूर मुद्दाम असा देतात, की पुसट अक्षरे आणि विचित्र विरामचिन्हांमुळे तो कोणालाच अचूक टाइप करता येऊ नये. धंदा टायपिंगचा नाही, दंडाचा आहे. करारभंग खरोखर झाला तरी तो दिवाणी वाद असतो. त्यासाठी पोलीस घरी येत नाहीत, 'एफआयआर तयार आहे' असा फोन करत नाहीत आणि संध्याकाळी सहापर्यंतची मुदतही देत नाहीत. व्हॉट्सअॅपवर लाल शिक्का मारलेली पीडीएफ आली म्हणजे ते न्यायालयाचे समन्स झाले असे नाही.

नोटीस, करार, फोन नंबर आणि यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट जपा. आधीच पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत पैसा गोठवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते. करारासोबत आधार आणि पॅन दिले असेल, तर आधारचे बायोमेट्रिक लॉक करा आणि सहा महिने आपला क्रेडिट अहवाल पाहत राहा.

याचाच मोठा भाऊ म्हणजे 'पेमेंट एजंट'ची नोकरी: तुमच्या खात्यात पैसे येतील, दोन टक्के ठेवून बाकी पुढे पाठवा. तो चोरीचा पैसा असतो. खाते गोठते, आणि पोलिसांना पहिले नाव तुमचे सापडते.

एमपीएससीची तयारी करतोय. सहा महिने बाइकवर डिलिव्हरी केली तर दिवसाला ९०० सुटतात असे मित्र सांगतो. खरे का?
— वाचक, हडपसर

९०० मिळतात. सुटत नाहीत. दिवसाला ११० किलोमीटर धरा. अॅप दाखवते त्याहून हे जास्तच भरतात, कारण ऑर्डर देऊन रिकामे परतणे बहुधा मोजणीत नसते. सिग्नलच्या गर्दीत बाइक लिटरला ४० देते. पावणेतीन लिटर पेट्रोल १०४ च्या भावाने २८६ रुपयांचे झाले. ऑइल, मागचा टायर, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट यांना किलोमीटरमागे ७५ पैसे बाजूला काढा, आणखी ८३ रुपये गेले. उरले ५३१. दहा तास रस्त्यावर असाल तर तासाला ५३. रोज सकाळ-संध्याकाळ ओडोमीटरचा फोटो काढा, आठवड्यात तुमचा स्वतःचा आकडा कळेल. मित्राचा आकडा मित्राच्या बाइकचा आहे.

महिन्याला २,८०० किलोमीटरच्या पुढे जाल, म्हणजे घरगुती वापरात तीन-चार महिन्यांनी येणारे ऑइल आता जवळपास दरमहा बदलायचे. लोक हेच टाळतात आणि सहाव्या महिन्यात इंजिन धूर ओकू लागते.

विम्याकडे फार थोडे जण पाहतात. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा लिहिलेली असते: भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर आणि मालवाहतूक वगळून. डिलिव्हरी करताना अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा यावर नाकारला जाऊ शकतो. समोरच्याला भरपाई दिल्यावर विमा कंपनी ती तुमच्याकडून वसूल करू पाहील, हेही शक्य आहे. कंपनीला लेखी विचारून व्यावसायिक वापराची भर घाला. अॅपवाले जो अपघात विमा देतात तो किती वेळ लागू असतो, लॉगिन असेपर्यंत की फक्त ऑर्डर हातात असेपर्यंत, हे वाचल्याशिवाय त्याच्या भरवशावर राहू नका.

पॅन द्या. तो नसेल तर कराची कपात २० टक्क्यांनी होते, असेल तर बहुधा १ टक्का, आणि तीही विवरणपत्र भरले की परत मिळते. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंद करा. तिथे मिळणारा १२ अंकी यूएएन आणि पीएफचा १२ अंकी यूएएन वेगळे असतात, दोन्ही एकाच कागदावर लिहून ठेवलेत तर निदान शीर्षक तरी लिहा.

अभ्यासाचे म्हणाल तर जास्त पैसे दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी असतात. दोन्ही वेळा धरल्या तर दिवस मधोमध फाटतो. रात्रीचीच वेळ धरा, पैसे कमी होतील पण सकाळ तुमची राहील.

पोलीस भरतीचा सराव करतो. रात्रीची सिक्युरिटी गार्डची ड्यूटी धरली तर अभ्यास होईल ना?
— वाचक, जालना

कायद्याने गार्डला १६० तासांचे प्रशिक्षण लागते: १०० तास वर्गात, ६० तास प्रत्यक्ष, किमान २० कामकाजाच्या दिवसांत. 'आज ये, उद्या पॉइंटवर उभा राहा' म्हणणाऱ्या एजन्सीकडे परवाना आहे का, हे आधी पाहा. ड्यूटी १२ तासांची सांगतात. त्यात ८ तासांचा पगार आणि ४ तासांचा ओव्हरटाइम वेगळा दाखवला आहे का ते बघा, बहुतेकदा नसतो. गणवेश, बूट, 'पोलीस व्हेरिफिकेशन फी' अशी कपात पहिल्या पगारातून होते. एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त करता येत नाही, एवढे लक्षात असू द्या.

बांधकामाच्या साइटवर रात्र शांत असते, पण सळई चोरीला गेली की पगार अडतो. सोसायटीच्या गेटवर अकरानंतर वाचन होते. एटीएमवर एकटेपणा जास्त. पण तुमचा खरा प्रश्न मैदानाचा आहे: सकाळी सातला सुटून कोणी १६०० मीटर धावत नाही. मैदानी चाचणीच्या आधीचे दोन महिने रात्रपाळी नको.

मुलगा लेस्टरला एमएससी करतोय. डिलिव्हरी अॅपचे खाते भाड्याने घेऊन काम करतात म्हणे. करू द्यावे का?
— पालक, सांगली

नाही. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे आणि डिलिव्हरी रायडर स्वयंरोजगारातच मोडतो. भाड्याच्या खात्यावर पकडला गेला तर व्हिसा जातो, फी जाते, आणि वर्षही.

गोदाम, सुपरमार्केट, केअर होम किंवा विद्यापीठाच्या कँटीनमध्ये पगारी काम करता येते. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात आणि सरासरी काढता येत नाही: एका आठवड्यात २४ आणि पुढच्यात १६ केले तरी नियम मोडलाच. दोन नोकऱ्यांचे तास एकत्र धरतात. उन्हाळ्यात पूर्ण वेळ करता येईल असे गृहीत धरू नका. एक वर्षाच्या एमएससीत उन्हाळा प्रबंधाचा असतो आणि बहुतेक विद्यापीठे त्याला सत्रच मानतात. विद्यापीठाकडून सुट्टीच्या तारखा लेखी घ्यायला सांगा.

नॅशनल इन्शुरन्स नंबर (तिथला कर आणि विम्याचा क्रमांक) यायच्या आधीही काम सुरू करता येते, अर्ज केलेला पुरतो. पहिल्या पगारातून कर जास्त कापला गेला तर घाबरू नका. नोकरी लागताना भरायचा फॉर्म राहिला की असे होते. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत आयकर नाही, जास्तीचा परत मिळतो. काम सोडताना पी-४५ हा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद मागून घ्यायला सांगा. अनियमित तासांच्या कामात १२.०७ टक्के सुट्टीचे पैसे मिळतात. एजन्सी ते तासाच्या दरात मिसळून दाखवत असेल, तर स्लिपवर वेगळे लिहिलेले असले पाहिजेत.

सहा महिने मॉलमध्ये प्रमोटर होते. बायोडेटात लिहू की गाळू?
— वाचक, कोल्हापूर

लिहा, दोन ओळींत. 'सेल्स एक्झिक्युटिव्ह' असे फुगवू नका. पडताळणीचा फोन ठेकेदाराकडे जातो आणि तिथे हुद्दा प्रमोटर असाच नोंदलेला असतो, शिवाय पीएफच्या नोंदीत मालक म्हणून ठेकेदाराचेच नाव दिसते, मॉलचे किंवा ब्रँडचे नाही. म्हणून ब्रँड, ठेकेदार, महिने, आणि एखादा मोजता येणारा आकडा (रोज सरासरी किती ग्राहक हाताळले, कोणते बिलिंग सॉफ्टवेअर वापरले) एवढे पुरे. अनुभवपत्र ठेकेदाराच्या लेटरहेडवर, तारखांसह, सुटायच्या आठवड्यातच घ्या. हंगाम संपला की त्यांचे स्थानिक ऑफिस बंद होते आणि सुपरवायझर दुसऱ्या शहरात असतो.

पंधरा-वीस दिवसांची कामे, म्हणजे प्रदर्शनातला स्टॉल, लग्नातली केटरिंग, परीक्षेची सुपरव्हिजन, वेगवेगळी लिहीत बसू नका. 'अल्पकालीन कामे' अशा एकाच ओळीत वर्ष घालून टाका.